ठाणे ते होक्काइदो: अकरा दिवस, एक बाइक, एक पावती

खरं तर जायचं होतं व्हिएतनामला. गेली दोन-तीन वर्षं जो तो तिकडच्या 'हा गियांग' भागातले घाट फिरून येतोय आणि फोटो टाकतोय, मलाही वाटलं पन्नाशीच्या आत एकदा आपणही जाऊन येऊ, तिकिटांचे दरसुद्धा बघून ठेवले होते. मग एका संध्याकाळी लायसन्सचं वाचायला बसलो आणि सगळंच फिस्कटलं. आपल्याकडे आरटीओ जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट देतं ते १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचं असतं आणि व्हिएतनामला लागतं १९६८च्या व्हिएन्ना करारातलं. म्हणजे तिकडे भाड्याने बाइक कोणीही देईल हो, पण कायद्याने तुम्ही बिनलायसन्सचे, आणि उद्या कुठे आपटलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. बायको इन्शुरन्समध्येच आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग?" त्या "मग?"नंतर व्हिएतनाम संपलं.

मग उलटा शोध सुरू केला, की १९४९वालं चालतं कुठे, गाडी डाव्या बाजूने कुठे चालवतात आणि जुलैमध्ये पाऊस कुठे कमी असतो. तिन्हीचं उत्तर एकच निघालं, जपानच्या उत्तरेचं होक्काइदो बेट. बाकी जपानात जून-जुलैत पावसाळा असतो, होक्काइदोत तो जवळजवळ नसतोच, म्हणून जपानी बायकर लोक उन्हाळ्यात फेरीत गाड्या घालून तिकडेच जातात. त्यांचं ते लडाखच समजा.

परमिटचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ निघालं. परिवहनच्या साइटवर अर्ज, फॉर्म ४ए, हजार रुपये फी, पासपोर्ट, व्हिसा, लायसन्सच्या प्रती, आणि एक राखाडी पुस्तिका हातात. वर्षभर चालते. एकच गोष्ट सांगून ठेवतो, पुस्तिका घेतल्या घेतल्या आतलं मोटरसायकलचं खातं, म्हणजे 'ए', त्यावर शिक्का आहे का ते तिथेच उभं राहून बघा. माझ्यावर होता, पण मी ते बघितलं घरी आल्यावर, आणि मधला अर्धा तास कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पोटात गोळा घेऊन काढला.

बाइकचा किस्सा वेगळाच आहे. माझ्याकडे होंडाची हायनेस ३५० आहे, मानपाड्याहून रबाळ्याला रोज तिच्यावरच जातो. साप्पोरोच्या भाड्याच्या दुकानाची यादी बघताना त्यात जीबी ३५० दिसली. तीच गाडी! थोड्या फरकाने, पण तीच. आधी २०२० मध्ये आपल्याकडे आली आणि २०२१ मध्ये जपानमध्ये दुसऱ्या नावाने. मित्र म्हणाले अरे एवढा परदेशात चाललायस तर काहीतरी दणदणीत घे की, लिटरची, म्हणजे हजार सीसीची घे. पण मला वाटलं रस्ता नवा, भाषा नवी, पाट्या नव्या, निदान क्लच तरी ओळखीचा असू दे. या निर्णयाबद्दल मी अजूनही स्वतःवर खूश आहे.

दिल्लीमार्गे टोकियो, तिथून न्यू चितोसे विमानतळ, तिथून ट्रेनने साप्पोरो. दुकानातल्या बाईंनी पासपोर्ट घेतला, लायसन्स घेतलं, राखाडी पुस्तिका उघडली आणि सरळ १९४९ या आकड्यावर बोट ठेवलं, मग 'ए'च्या शिक्क्यावर बोट ठेवलं, आणि मान हलवली. बास. मला उगाचच बोर्डाचा रिझल्ट लागल्यासारखं वाटलं. मग पाऊण तास त्यांनी गाडीवरचा एकेक ओरखडा मला दाखवून कागदावर लिहून घेतला. आपली ठाण्यातली गाडी त्यांनी बघितली असती तर वही पुरली नसती.

पहिला दिवस नुसता चुका करण्यात गेला. जपानमध्ये फ्री लेफ्ट नाही. लाल म्हणजे लाल, डावीकडे वळायचं असलं तरी थांबायचं. हे मला वाचून पाठ होतं पण हाताला कोण सांगणार, सिग्नल आला की डावा इंडिकेटर आणि गाडी आपोआप कडेने पुढे सरकायला लागते, तीस वर्षांची सवय आहे. दुसरं म्हणजे दोन गाड्यांच्या मधून घुसणं. मी पहिल्याच सिग्नलला घुसलो आणि सगळ्यात पुढे जाऊन उभा राहिलो, मागे वळून बघितलं तर बाकीच्या दोन बाइक आपापल्या जागी, गाड्यांच्या मागे, रांगेत. कोणी काही बोललं नाही. कोणी हॉर्नही मारला नाही. तेच जास्त लागलं.

तिसरं रेल्वे फाटक. फाटक उघडं असलं, गाडी येत नसली तरी प्रत्येक वाहनाने रुळांच्या अलीकडे पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग जायचं, हा तिथला कायदा आहे. मी आपल्या दिवा स्टेशनचं फाटक बघितलेला माणूस आहे. बंद होत असलेल्या दांड्याखालून स्कूटर, तिच्यावर दोन पोरं आणि गॅसचा सिलिंडर असं निघताना बघितलंय. इथे उघड्या फाटकापुढे, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, एक ट्रक थांबला, गेला, त्याच्यामागची छोटी गाडी थांबली, गेली, मग मी थांबलो, गेलो.

दुसऱ्या दिवसापासून खरी मजा. साप्पोरोहून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला वाक्कानाईपर्यंत जो रस्ता जातो त्याला ओरोरोन लाइन म्हणतात. रुमोईपर्यंत डोंगर, बोगदे, मच्छीमार गावं, मुरुडच्या रस्त्याची आठवण येते मधेच. पण तेशिओ गाव सोडलं की शेवटचे साठ-सत्तर किलोमीटर नुसती सपाट गवताळ जमीन, डावीकडे समुद्र, आणि समुद्रातून सरळ वर आलेला रिशिरी बेटाचा डोंगर, १७२१ मीटरचा, डोक्यावर ढगाची टोपी. पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, घर नाही, विजेचा खांबसुद्धा बराच वेळ दिसत नाही. मी आयुष्यात इतका मोकळा रस्ता बघितला नव्हता, आणि खरं सांगू का, पहिली दहा मिनिटं भारी वाटलं आणि नंतर चक्क भीती वाटली. एवढ्या मोकळ्या रस्त्यावर माणसाला स्वतःच्या इंजिनाचे नको नको ते आवाज ऐकू यायला लागतात. टप्पेट वाजतंय का? चेन सैल आहे का? दोनदा उतरून बघितलं. काही नव्हतं.

तिथेच तो हात हलवण्याचा प्रकार सुरू झाला. समोरून एक बाइकवाला आला आणि त्याने मला बघून डावा हात जोरात हलवला. मी लगेच खाली बघितलं, साइड स्टँड वर आहे. इंडिकेटर बंद. बॅगेचा पट्टा चाकात नाही. मग म्हटलं पुढे पोलिस असतील, स्पीड कमी केला. पोलिस नाहीत. पाच मिनिटांनी दुसरा आला, त्यानेही हात केला, तिसरी एक बाई होती, तिने दोन बोटं दाखवली. आपल्याकडे रस्त्यात अनोळखी माणूस हात हलवतो तो काहीतरी बिघडलंय हे सांगायलाच. संध्याकाळी मुक्कामाच्या मालकांना विचारलं तेव्हा कळलं की याला 'याए' म्हणतात, बायकर बायकरला करतो तो रामराम, आणि होक्काइदोत जवळपास सगळे करतात. उजवा हात थ्रॉटलवर म्हणून डावा. दुसऱ्या दिवसापासून मी अशा उत्साहाने हात केले की एकदा चुकून एका पोस्टमनलाही केला. त्यानेही केला.

पाट्यांचं कोडं तसंच. रस्त्याच्या कडेला उंच खांब आणि त्यावरून खाली बोट दाखवणारे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे बाण, मैलोन्‌मैल. मी दोन दिवस विचार करतोय की खाली काय आहे, केबल आहे का, गॅसची लाइन आहे का. तर ते हिवाळ्यासाठी. बर्फात रस्ता गाडला गेला की त्याची कड कुठे आहे हे दाखवायला. आपण ज्याच्यावरून टी-शर्ट घालून जातोय तो रस्ता चार महिने सापडतच नाही, हे कळल्यावर त्या बाणांकडे बघायची नजरच बदलली.

टी-शर्टचा उल्लेख केला खरा पण तोच महागात पडला. मी मुंबईच्या हिशोबाने जाळीचं जॅकेट नेलं होतं. सोया केपला, म्हणजे जपानच्या उत्तर टोकाला पोचलो तेव्हा धुकं, बारीक पाऊस आणि तापमान तेरा अंश. जुलै महिना! दातावर दात. वाक्कानाईत परत येऊन वर्कमन नावाच्या दुकानात गेलो, ते मुळात कामगारांच्या कपड्यांचं दुकान, पण तिकडचे बायकरही तिथेच घेतात, पावसाचा सूट आणि आत फर असलेले हातमोजे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत टोकावर गेलो. चारच्या आत उजाडतं तिथे, त्यामुळे साडेपाचला म्हणजे भर दिवसाच पोचलो म्हणायचं.

आणि दिसलं. समोर समुद्रापलीकडे एक निळसर रेघ, रशियाचं साखालिन. ४३ किलोमीटर फक्त. म्हणजे ठाण्याहून खोपोलीसुद्धा जास्त लांब असेल. वाक्कानाईत रस्त्यांच्या पाट्यांवरही जपानी, इंग्रजी आणि रशियन आहे. टोकावर त्रिकोणी स्मारक आहे, फोटोसाठी रांग लागते, त्या वेळी मी आणि एक साठीचे आजोबा दोघंच होतो, त्यांनी माझा काढला, मी त्यांचा. जवळच्या टेकडीवर १९८३ मध्ये पाडलेल्या कोरियन विमानातल्या २६९ माणसांचं स्मारक आहे, तिथे आजोबा बराच वेळ उभे होते, मी पण मागे जाऊन उभा राहिलो. मग आईला फोन लावला, विसरूनच गेलो की ठाण्यात पहाटेचे अडीच वाजलेत. "काय झालं? पडलास का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर "मग आत्ता कशाला केलास," आणि मग लगेच, "जेवतोयस ना नीट?"

जेवणाचं सांगतो. आम्ही सीकेपी, त्यामुळे मासळी खाणाऱ्या देशात आपली काळजी नाही असा माझा समज होता, आणि भाजलेला होक्के नावाचा मासा पहिल्या दिवशी मिळाला तो खरोखर असा होता की आजीला खाऊ घालायला हवा होता. कच्च्या माशापाशी मात्र माझी गाडी अडली. खाल्ला, वाईट नाही, पण मनात सारखं येत होतं की यावर थोडं तिखट-मीठ लावून तव्यावर टाकलं तर? शाकाहारी माणसाने मात्र तयारीनेच जावं कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. रोजचं दुपारचं जेवण म्हणजे सेइकोमार्ट, होक्काइदोतलं आपलं घरचं दुकान म्हणा, तिथे आतच शिजवलेला गरम भात मिळतो. पार्किंगमध्ये फुटपाथवर बसून भात, वर डब्यातलं मेतकूट. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

पेट्रोलचं पण लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. सेल्फ पंपावर सगळं जपानीत, पण रंग लक्षात ठेवले की झालं. लाल म्हणजे साधं पेट्रोल, पिवळं म्हणजे हाय ऑक्टेन, हिरवं म्हणजे डिझेल. माणूस असेल तर "रेग्युरा, मानतान" म्हणायचं, म्हणजे साधं, फुल. लहान गावातले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी काही उघडतच नाहीत, म्हणून अर्धी टाकी झाली की भरायची. आपल्या या गाडीची टाकी पंधरा लिटरची, तिला तशी गरज नव्हती, पण मी ठाणेकर, पंपाला रांग नाही हे बघूनच भरायचो.

आता पावती.

ओखोत्स्क समुद्राच्या बाजूने खाली येत होतो. एक छोटं गाव, दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना तो लाल उलटा त्रिकोण होता, 'तोमारे', थांबा. मी हळू झालो, अगदी चालण्याच्या वेगाला आलो, दोन्हीकडे बघितलं, कोणी नाही, निघालो. आपल्याकडे एवढं केलं तर लोक सत्कार करतील. पन्नास मीटरवर मागून लाल दिवा. काळी-पांढरी गाडी, दोन पोलिस, एक तरुण एक माझ्या वयाचा, दोघांनीही आधी नमस्कार केला. मी हेल्मेट काढलं, कागद दिले. तरुणाने फोन पुढे केला, भाषा निवडा म्हणाला. मी उगाच गंमत म्हणून मराठी निवडली. तो फोनशी बरंच काही बोलला आणि स्क्रीनवर उमटलं, "तुमच्या चाकाने विश्रांती घेतली नाही."

मला हसू फुटलं, मग लगेच आवरलं, कारण त्याचा चेहरा गंभीर होता. मी सांगायचा प्रयत्न केला की मी हळू झालो होतो, बघितलं होतं, रस्ता रिकामा होता. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि मग तो वयस्कर पोलिस मला हाताला धरून, म्हणजे शब्दशः नाही, पण त्याच भावनेने, परत त्या त्रिकोणापाशी घेऊन गेला. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेजवळ उभा राहिला. पाय जुळवले. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं, "इची, नी, सान." मग उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि चालत पुढे गेला. मग मला म्हणाला, तुम्ही करा. म्हणजे खुणेने. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, मेंटेनन्समध्ये हाताखाली बावीस जण, आणि मी त्या गावाच्या गल्लीत गाडीशिवाय थांबून, तीन मोजून, इकडेतिकडे बघून रस्त्यावर चालत गेलो.

मला वाटलं आता सोडतील. पावती दिलीच. बाइकला सहा हजार येन. आपल्या हिशोबाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. पैसे तिथे घेत नाहीत, आठवड्याच्या आत पोस्टात किंवा बँकेत भरायचे. जाताना दोघांनी परत नमस्कार केला आणि तरुण पोलिसाने माझी गाडी बघून विचारलं, जीबी? मी म्हटलं हो, इंडियामध्ये माझ्याकडे पण हीच आहे. तो इतका खूश झाला की मला वाटलं पावती परत घेतो की काय. नाही घेतली. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावातल्या पोस्टात सहा हजार भरले, काउंटरवरच्या बाईंनी दोनदा वाकून आभार मानले. दंड भरल्याचे आभार मानणारं पोस्ट मी पहिल्यांदाच बघितलं.

राग आला का, तर आला. संध्याकाळपर्यंत येत होता. रिकाम्या रस्त्यावर कोणासाठी थांबायचं, हा काय मूर्खपणा, असं हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने मराठीतून भांडत गेलो. दुसऱ्या दिवशी शिरेतोकोचा घाट चढत होतो, ७३८ मीटरची खिंड, धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं. तिथे पाटी नव्हती काही नव्हती, पण वळणाआधी मी आपला गाडी पूर्ण थांबवून पाय टेकवला, तीन मोजले, का कोण जाणे, सवय लागली होती की अजून भांडण चालू होतं कोणास ठाऊक. धुक्यातून खुरांचा आवाज आला. एक हरणी, मागे तिचं पिल्लू, मग अजून दोन, रस्ता ओलांडून निवांत गेली. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. पोलिसाला याचं श्रेय द्यायला मी तयार नाही, पण हेल्मेटमधलं भांडण तिथे बंद पडलं एवढं खरं.

पलीकडे राउसुला उतरलो की समोर कुनाशिरी बेट दिसतं, ज्याच्यावर जपान हक्क सांगतं आणि ताबा रशियाचा आहे. पुढचे दिवस भराभर गेले. बिहोरो खिंडीतून दिसणारं कुश्शारो तळं, ओबिहिरो, मिकुनी खिंड ११३९ मीटर, तिथून खाली बघितलं की नुसतं जंगल, मधे एक लाल पूल. फुरानोच्या लव्हेंडरचे फोटो सगळ्यांनीच बघितलेत, तसंच आहे, गर्दी ठाण्याच्या तलावपाळीसारखी, जास्त लिहीत नाही. शेवटच्या दिवशी बिबाई ते ताकिकावा हा २९.२ किलोमीटरचा जपानमधला सगळ्यात लांब सरळ रस्ता मुद्दाम वाट वाकडी करून केला आणि तो अगदी कंटाळवाणा निघाला, दुतर्फा दुकानं आणि सिग्नल. प्रत्येक सिग्नलला गाड्यांच्या मागे रांगेत उभा होतो.

साप्पोरोत गाडी परत दिली, मीटरवर १८७० किलोमीटर जास्त. बाईंनी परत ती ओरखड्यांची वही काढली, एकेक तपासला. एकही नवा नव्हता. मला खूप बरं वाटलं, मग रात्री सूप करी खाल्ली, ती साप्पोरोचीच खासियत, रस्सा पातळ आणि झणझणीत, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने.

ठाण्यात आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार, पाऊस, कामावर. कापूरबावडीला सिग्नल लाल झाला आणि मी रेषेच्या मागे थांबलो. मागून हॉर्न. डावीकडे जायला जागा होती, मी जागा अडवून उभा. एक रिक्षावाला कडेने पुढे आला, वाकून काळजीने बघितलं आणि म्हणाला, "काका, बंद पडली का? धक्का देऊ?" मी नको म्हटलं.

माजिवड्याच्या पुढे समोरच्या बाजूने एक पोरगा बाइकवर आला आणि मला बघून त्याने डावा हात जोरात हलवला. माझं मन एकदम भरून आलं, मीही हात उंच केला, दोन बोटं दाखवली, अगदी ओरोरोन लाइनवर करायचो तशी. तो बाजूने जाताना ओरडला,

"काका, इंडिकेटर!"